हात न सोडता

गेल्या महिन्यात एका गुरुवारी मधल्या सुट्टीत मालतीच्या मुलीचा फोन आला. "मावशी, आई गेली... सकाळी." इतकंच. मी डबा झाकला, पुन्हा उघडला, पुन्हा झाकला. महिना होत आला, पण अजूनही एका जागी बसवत नाही. हे लिहितानाही तीनदा उठले.

मालती रोज उमरेडहून एसटीने नागपूरला यायची. आमच्या शाळेत ती चौथी अ घ्यायची आणि मी शेजारच्या खोलीत चौथी ब. शनिवारी शेवटच्या तासाला ती बाकं भिंतीला सरकवून मुलांना फुग्यांचे खेळ खेळायला लावायची. आठ-दहा जणांनी हात धरून गोल करायचा आणि हात न सोडता फुगा वर ठेवायचा. डोक्यानं, खांद्यानं, गुडघ्यानं, कसाही. दर डावाला नवा म्होरक्या, तो सांगेल तसं बाकीच्यांनी हलायचं. भिंतीपलीकडे मी भागाकार शिकवत असायची आणि त्या आरडाओरड्यानं माझं डोकं उठायचं. एकदा सरळ मुख्याध्यापिकांकडे जाऊन तक्रार केली, मालतीला न सांगता. खेळ बंद झाला.

"कोनं सांगतलं असन वं?" तिनं मलाच विचारलं.

"काय माहीत," मी म्हटलं.

ती भांडली नाही. फक्त एक शनिवार मागून घेतला आणि मुख्याध्यापिकांसकट आम्हा सगळ्या बायांनाच गोलात उभं केलं. प्रत्येकीची वेगळी सूचना... तीन टोल्यांत फुगा जमिनीवर. मी तर हात सोडून त्याच्यामागे धावलेच! मग मुलं उभी राहिली. म्होरकी होती पायल, हजेरीलाही जेमतेम तोंड उघडणारी. ती हळू आवाजात एकेकाचं नाव घेऊ लागली आणि ते ऐकू यावं म्हणून बाकीची मुलं आपसूक गप्प झाली. फुगा कितीतरी वेळ खाली आलाच नाही. मुख्याध्यापिकांनी तिथेच खेळाला परवानगी दिली.

त्या दुपारी मी मालतीबरोबर बस स्टँडपर्यंत गेले. सांगून टाकायचंच होतं.

"काहून वं, एवढी चुळबुळ करून राहिली?"

"काही नाही गं..."

तेवढ्यात उमरेडची गाडी लागली. सोमवारी सांगू, असं मनाशी म्हटलं. त्यानंतर दोन वर्षं सोमवार येत राहिले.

आता दोन्ही वर्ग माझ्याकडेच आहेत. परवाच्या शनिवारी मुलांनी न विचारताच बाकं सरकवली. खेळ चालू असताना मालती खिडकीशी उभी राहायची, हात पाठीमागे गुंफून, ओठ मिटून. मी तिथेच जाऊन उभी राहिले. फुगा एका बाजूला कलला आणि माझ्या तोंडून निघालंच, "अरे, डावीकडे सरका!"

त्या डावाची म्होरकी मागे न बघताच म्हणाली, "बाई, तुम्ही नोका सांगू. आम्ही करून राहिलो ना."

मी ओठ मिटले. हात पाठीमागे घेतले. बोटं मात्र काही केल्या स्थिर राहीनात...