शिवलीलाला सिद्धी नको होती

नाव: शिवलीला सिद्धेश्वर बिराजदार. वय एकतीस. मूळ राहणार मौजे तामलवाडी, तालुका तुळजापूर. हल्ली मुक्काम उमरगा. व्यवसाय: औषध दुकानात काउंटरवर नोकरी. बांधा सडपातळ, केस आखूड. सदर इसमाच्या अंगी कोणतीही विशेष शक्ती नाही.

हा मजकूर पोलीस ठाण्यातला नाही. श्रीनाथच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानामागं रविवारी दुपारी कागद, पेन्सिली आणि फासे घेऊन जो गोष्टीचा खेळ चालतो, त्यात शिवलीलानं आपल्या पात्राचं वर्णन म्हणून हे लिहून दिलं होतं. प्रत्येकानं एक पात्र व्हायचं, श्रीनाथनं संकटं सांगायची, आणि त्यातून निभावलं की नाही ते फाशानं ठरवायचं, असा तो खेळ. पुण्याहून येताना श्रीनाथनं पदवी अर्धी आणि हा खेळ पुरता आणला होता. नियमही त्यानंच मराठीत उतरवले होते. नियम चौथा: प्रत्येक पात्रानं एक सिद्धी घेतलीच पाहिजे.

तिसरे खेळाडू आबाराव, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांचं पात्र चोर, आणि सिद्धी अदृश्य होण्याची. तीस वर्षं भरल्या गाडीत उभं राहिल्यावर माणसाला दुसरी हौस उरत नाही.

"पात्र दुसऱ्या कुणाचं तरी घ्यावं," श्रीनाथ वैतागला. "तू स्वतःलाच घेतलंस. वर सिद्धी पण न्हाय?"

"न घ्यायची मुभा का न्हाय?"

"दुसऱ्याच डावात मरशील."

"मरू दे की."

"ए पोरी," आबाराव म्हणाले, "एसटीत तिकीट ऐच्छिक असतं व्हय?"

"पायी जाणाऱ्याला कोण मागतंय तिकीट, काका?"

ती असं का म्हणते, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. शिवलीलाच्या आईच्या अंगात देवीचं वारं यायचं. दर मंगळवारी चार गावची माणसं ओसरीवर बसायची. त्या बाईला होकार कुणी विचारला नव्हता, देवीनंही नाही. बुधवारी तिची मान सुजलेली असायची, आणि चूल पेटवता पेटवता ती लेकीला विचारायची, "काल म्या काय बोलले गं?" लेक सांगायची. काही गोष्टी सांगायची नाही.

आई जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून गाव शिवलीलाकडं बघत होतं. ओले केस झटकताना मान जरा जास्त हलली, तरी शेजारीण हात जोडायची. म्हणून केस कापले, म्हणून उमरगा गाठलं. आठवड्यातून तीन तास तरी आपल्यात कुणी शिरणार नाही, असं एक टेबल तिला हवं होतं. त्यासाठी निवडला तो खेळ दुसरं कुणीतरी व्हायचा, हे तिला कळत होतं. पण इथं निदान कोण व्हायचं ते आपण लिहून देतो.

श्रीनाथ नियमाचा पक्का. तिच्या वतीनं त्यानंच वीस बाजूंचा फासा टाकला आणि सिद्धींच्या यादीत बोट फिरवलं. "सतरा. मेलेल्यांचं बोलणं ऐकू येणं. लई भारी हाय की!"

शिवलीलानं पेन्सिल खाली ठेवली. उठावंसं वाटलं, पण उठली असती तर कारण सांगावं लागलं असतं.

गोष्टीत पुढं स्मशान लागलं. श्रीनाथनं जाहीर केलं की चोराला मेलेल्यांपैकी एकाला एक प्रश्न विचारता येईल, शिवलीलामार्फत. खजिना कुठं आहे हे विचारणं अपेक्षित होतं. आबाराव फासा तळहातावर फिरवत राहिले. त्यांच्या घरी बुद्धवंदना. वारं, अंगारा, नवस यांना तीन पिढ्या दार बंद. तामलवाडीच्या त्या ओसरीवर ते जन्मात गेले नसते. पण हा तर खेळ होता.

"माझी विठाबाई," ते म्हणाले. "सोलापूरच्या दवाखान्यात गेली. तवाच म्या खाली गेलतो. शेवटी काय म्हनली ती?"

"अहो काका, खजिना विचारा..." श्रीनाथ म्हणाला.

शिवलीलाची मान एकदा डावीकडं गेली, एकदा उजवीकडं. "बशीत ओतून प्या," ती म्हणाली. आवाज उतारवयातल्या बाईचा होता. "तोंड भाजंल. घाई करू नका, म्या हाय."

आबाराव खाली चहाच प्यायला गेले होते. हे त्यांनी वर्षभरात कुणालाही सांगितलं नव्हतं.

पंखा फिरत होता, कागद फडफडत होते; ते धरायचं कुणाला सुचलं नाही. मग श्रीनाथनं तर्क लढवला. "दवाखान्यात बसलेला माणूस खाली जातो तो चहालाच. अंदाजानं बोलली ती. व्हय ना गं?"

शिवलीला दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. "मी काय बोलले?" तिनं विचारलं.

कुणी सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी श्रीनाथनं नियम चौथा खोडला आणि नवा लिहिला: सिद्धी घेणं ऐच्छिक राहील, नाकारलेली सिद्धी कोणत्याही कारणास्तव कोणावरही लादता येणार नाही. खाली तिघांनी सह्या केल्या. शिवलीलानं तो कागद दोनदा वाचला आणि त्या दिवशी पहिल्यांदा पाणी प्यायली.

आबारावांनी झालेली गोष्ट कुणाला म्हणजे कुणाला सांगितली नव्हती. फक्त मेहुणीला सांगितली, कारण ती विठाबाईची सख्खी बहीण. मेहुणी सास्तूरला दिलेली. तिथं तिला सख्खे पुष्कळ.

मंगळवारी सकाळी औषध दुकानाचं शटर वर गेलं तेव्हा बाहेर सात माणसं उभी होती. एकाच्याही हातात डॉक्टरची चिठ्ठी नव्हती.