मावशीकडची वाट

आईने भाऊंवर केस घातली तेव्हा अर्जात सर्व्हे नंबर चुकीचा पडला होता, आणि ती चूक दुरुस्त करून दिली ती भाऊंनीच. गोव्यातल्या आमच्या कोरगावात हे असंच चालतं. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर त्याला थाप वाटते.

भाऊ म्हणजे आमचे शेजारी. सगळी नोकरी मुरगावच्या बंदरात काढून ते निवृत्त होऊन गावात आले. त्यांच्या भाटातून, म्हणजे माडांच्या बागेतून, एक पायवाट जाते. तिच्या या टोकाला आमचं घर, त्या टोकाला मावशीचं. आई आणि मावशी सख्ख्या बहिणी, एकाच गावात दिलेल्या. दुपारची भांडी झाली की आई डब्यात काहीबाही घेऊन निघायची ती दिवेलागणीलाच परत यायची. दोघी काय बोलत कोण जाणे. मी गेले की गप्प. मावशी आता अंथरुणाला खिळली होती. ऐकूही येत नव्हतं, म्हणजे फोनचा उपयोग शून्य. सून चांगली होती, पण बहीण ती बहीण.

मग हरमलच्या समुद्रकिनारी उतरणाऱ्या टुरिस्टांना ही वाट सापडली. भाड्याच्या स्कूटर घेऊन, मोबाईलवरचा नकाशा बघत ते थेट भाऊंच्या माडांखाली घुसायला लागले. एकाने घडाला आलेली केळ आडवी केली. भाऊंनी लोखंडी गेट बसवलं, कुलूप घातलं आणि चावी घेऊन आमच्या दारात आले. "वयनी, ही तुमची."

आईने हात पुढे केला नाही. "आज चावी दितास, उद्या मागून घेशात. भयणीकडे जावक माका चावी कित्याक होयी?"

भाऊंचा चेहरा उतरला. बिचारे चांगलं करायला आले होते. पण हट्टाला तेही काही कमी नाहीत. चावी खिशात टाकून गेले, आणि गेट बंदच राहिलं.

मी म्हटलं, चल, रस्त्याने स्कूटरवरून सोडते. तर तेही नाही. "रस्त्यान गेलंय तर वाट सोडलंय असा होतला." माझं डोकं भयंकर तापलं. बहीण मोठी की वाट मोठी, असं मी तिला तोंडावर विचारलं. ती वालीच्या शेंगा मोडत बसली. तेव्हापासून डबा मी पोचवायला लागले. "आईचे गुडघे दुखतात," असं मावशीच्या कानाशी ओरडून सांगायचे. मावशी तोंड भिंतीकडे फिरवायची. पुढे पुढे डब्यातलंही तसंच राहायला लागलं.

वाट अडवल्याचा अर्ज मामलेदारांच्या कोर्टात आपला आपण करता येतो, हे मला माझ्या ऑफिसातल्या एका बाईने सांगितलं. वकिलाचं तर आईने नावच काढू दिलं नाही. "वकील घातलो की भांडण होता. माका भांडण नको. वाट होयी."

रविवारी अर्ज लिहायला बसले. आमच्याकडचं सगळं लिहून झालं आणि भाऊंच्या नावापाशी अडले. जन्मभर भाऊ म्हटलेल्या माणसाचं पूर्ण नाव काय? आईलाही सांगता येईना. "जा, विचारून ये," ती म्हणाली, जशी काही विरजण मागायला पाठवत होती.

गेले. भाऊंनी चष्मा लावून अर्ज पहिल्यापासून वाचला. "हो नंबर आमचो न्हय, वयल्या काजीच्या तुकड्याचो. असो दिलंस तर परत करतले." आतून त्यांनी आपल्या जमिनीचा उतारा आणून दिला आणि नाव स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून दिलं. मग चहा आला. मी प्याले. रागवायला काही जागाच ठेवत नाही हा माणूस.

तारखेला पेडण्याला कोर्टात गेलो तेही त्यांच्याच गाडीतून. आई पुढच्या सीटवर ताठ बसली होती.

मामलेदार डिचोलीकडची एक तरुण बाई होती. तिने आईला विचारलं, तुमची तक्रार काय?

"माणूस चांगलो," आई म्हणाली. "गेट वायट."

बाईंनी हसू आवरलं. प्रत्यक्ष जागेवर येऊन बघते म्हणाल्या.

त्या आल्या त्या दिवशी भाऊंनी कुलूप काढून गेट उघडं ठेवलं होतं. "आजी, तुम्ही रोज कशा जायच्या ते जरा चालून दाखवा," बाई म्हणाल्या. आई निघाली. चार माडांपलीकडे थांबेल आणि मागे वळेल असं आम्हाला वाटलं. ती थांबली नाही. एक हात गुडघ्यावर ठेवत, ओहळावरचा चिरा खाली न बघता ओलांडून ती पुढेच चालत राहिली. मी हाक मारली. बाई म्हणाल्या, जाऊ द्या त्यांना. मग आम्ही सगळे तिच्या मागून गेलो.

पोचलो तेव्हा आई खाटेवर टेकली होती आणि मावशीने तिचा पदर दोन्ही मुठींत धरला होता.

"इतके दिस खंय होतंस?" बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात मावशी विचारत होती. "माझ्यार रागावलंस?"

"नाय गो बाय, नाय," आई तिच्या कानाशी म्हणत होती. मला रडू आवरेना. भाऊ दारातच चपला काढून उभे होते, आत यायला धजत नव्हते.

"लिवा बाई," ते हळूच म्हणाले. "वाट आसा. पयल्यापासून आसा. गेट मी आज काढतंय. दोन चिरे रोवतंय थंय. माणूस जातलो, स्कूटर नाय."

बाईंनी तिथेच उंबऱ्याजवळ बसून लिहिलं आणि कागद आईपुढे धरला. आईने मान वर केली नाही.

"सही मगे करतंय," ती म्हणाली. "आता मी भयणीकडे इलंय."