ऑइल ब्रेक आणि ब्रेक ऑइल

माझी गाडी सतरा वर्षांची आहे. पाच माणसांची, पेट्रोलची. बायको गेल्यापासून तिच्यात मी एकटाच असतो आणि ती आठवड्यातून एकदाच लांब जाते. दर रविवारी सकाळी वर्ध्याहून निघायचं, आंजी, मग आर्वी, मग तळेगाव. तिथं आमचं घर आणि घरात वडील. आई आधीच गेली होती. म्हणजे सत्तर किलोमीटरच्या दोन टोकांना एकेका माणसाची दोन घरं, आणि मधे ही गाडी.

लोक विचारतात, विकून का टाकत नाही. त्यांना वाटतं, आठवणीपायी ठेवली. तसं नाही. महिन्याला सहाशे-सातशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीला नवीन घेण्याचं कारण मला सापडत नाही. फक्त तिच्या पोटात काय जातं ते नीट पाहावं लागतं.

गाडी जुनी झाली की जाड तेल टाका, असा इकडं सगळ्यांचा सल्ला असतो. मी तो ऐकत नाही. गाडीबरोबर आलेलं पुस्तक माझ्याकडं आहे. त्यात हवेच्या तापमानाप्रमाणे कोणतं इंजिन ऑइल चालेल याच्या पट्ट्या काढलेल्या आहेत. आमच्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, थंडीत दहाच्या आसपास येतो. १०डब्ल्यू-४० या दोन्ही टोकांना पुरतं. इंजिन तेल पीत असतं तर जाड टाकण्याचा विचार केला असता. पण एका बदलापासून दुसऱ्या बदलापर्यंत पातळी बोटभरही उतरत नाही. गिअरला जीएल-चार तेल. दुकानदार जीएल-पाच पुढं करतो, मोठा आकडा म्हणजे भारी माल असं समजून. पण ते या गिअरबॉक्समधल्या पितळेच्या कड्यांना मानवत नाही. ब्रेकला डॉट-चार, आणि ते दर दोन वर्षांनी सगळं काढून नवीन, कारण ते हवेतला ओलावा ओढून घेतं.

हे सगळं मी वडिलांना सांगत आलो. दुसरं बोलायला आमच्याकडं फारसं नव्हतं. आई होती तेव्हा तिच्यामार्फत बोलायचो. बायको होती तेव्हा तीच त्यांच्याशी बोलायची, वांग्याला कोणता रोग पडला, भाजीला बाजारात काय भाव निघाला. माझ्या वाट्याला फक्त 'हो' आणि 'नाही' यायचं. त्या दोघी गेल्यावर पहिले काही रविवार आम्ही ओसरीवर समोरासमोर बसून काढले. पंख्याचा आवाज तेवढा व्हायचा.

मग एकदा मी निघण्याआधी बोनट उघडून तेल पाहत होतो, तर ते उठून आले. डिपस्टिक माझ्या हातातून घेतली, खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या टोकानं पुसली, परत घालून काढली आणि उन्हात धरून म्हणाले, "दोन रेघांच्या मंधात हाय. बराबर हाय."

तेव्हापासून तो नेम झाला. गाडी अंगणात लागली की चहाच्या आधी ते म्हणायचे, "बोनट उघड." तेल ते पाहायचे, बेल्ट दाबून पाहायचे, आणि मी प्रत्येक डब्यावरच्या आकड्याचा अर्थ सांगायचो.

"तुह्या गाडीले औषधं लय लागते," ते म्हणायचे. "एवढ्या त माह्या बीपीच्या गोळ्या नाईत."

"तिचं वय पाहा न, बाबा."

"माह्यं वय पाय अन् तिचं पाय."

हे दर रविवारी थोड्या फरकानं व्हायचं आणि दोघंही दर वेळी हसायचो. अर्धा-पाऊण तास असा जायचा. बाकी आठवड्यात मी घरात कोणाशी बोलत नाही, आणि तेही बोलत नसावेत. त्यामुळं तो अर्धा-पाऊण तास मला हवा असायचा.

या उन्हाळ्यातल्या एका रविवारी जेवण झाल्यावर मला झोप लागली. उठलो तेव्हा ते हात धूत होते. मला वाटलं, गोठ्यातून आले असतील. संध्याकाळी नीट घरी आलो.

त्या आठवड्यात गाडी जड वाटू लागली. एक्सिलरेटर सोडला की आधी ती आरामात घरंगळत जायची, आता कोणीतरी मागून धरल्यासारखी थांबायची. ब्रेकचं पेडल वरच्या वर कडक लागत होतं. पुढच्या रविवारी आंजीपर्यंत पोचेस्तोवर जळका वास आला. गाडी कडेला घेतली. पुढच्या चाकांजवळ हात नेववत नव्हता. बोनट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण फिरवलं, तर झाकणातलं रबर फुगून लोंबत होतं, पुन्हा आत बसेना. डबीत दोन थर दिसत होते. खाली पिवळसर, वर तेलकट. बोट बुडवून वास घेतला. तो वास मला लहानपणापासून माहीत आहे. आमच्या गोठ्याशेजारच्या खोलीत ट्रॅक्टरच्या तेलाचे डबे असतात.

कसं झालं असेल ते तिथं उभ्या उभ्याच कळलं. गेल्या रविवारी डबीतली पातळी वरच्या रेघेपासून थोडी उतरलेली होती. ब्रेकचे पॅड झिजतात तशी ती उतरतेच, म्हणून मी मुद्दाम भरली नव्हती. वडिलांनी ती पाहिली. आमच्या ट्रॅक्टरला ऑइल ब्रेक आहेत, म्हणजे त्याचे ब्रेक मागच्या पेटीत तेलातच बुडालेले असतात. त्यांच्या लेखी ऑइल ब्रेक आणि ब्रेक ऑइल यांत फरक नव्हता.

गाडी दुसऱ्या गाडीवर चढवून वर्ध्याला आणली. वडिलांना फोनवर गाडी बिघडल्याचं तेवढं सांगितलं. गॅरेजवाल्यानं माझा अंदाज पक्का केला: जिथं जिथं ते तेल पोचलं तिथलं रबर फुगलं, आता पंपापासून चाकापर्यंत सगळी रबरं आणि नळ्या बदलायच्या, लोखंडी नळ्या धुऊन काढायच्या.

पुढच्या रविवारी मी एसटीनं गेलो. खिशात झाकणातली दोन रबरं होती, एक फुगलेलं, एक नवीन. न सांगितलं तर ते पुन्हा टाकतील, कदाचित गावातल्या चुलतभावाच्याही गाडीत टाकतील. म्हणून सांगायचं हे ठरलं होतं. आणि सांगितलं की ते बोनटजवळ येणार नाहीत, हेही मला दिसत होतं. आर्वीला बस बदलताना वाटलं, रबरं जुनी होती म्हणून सांगावं. पण मला खोटं नीट सांगता येत नाही.

"गाडी काऊन नाई आणली?" त्यांनी विचारलं.

"गॅरेजात हाय. ब्रेक खराब झाले."

"कसे खराब झाले? तेल त भरून होतं. म्याच टाकलतं मागच्या खेपेले. तू झोपला होता." त्यांचा चेहरा खुलला होता. "उरलंसुरलं नाई टाकलं. तुह्यासाठी नवीन डबा फोडला."

मी दोन्ही रबरं त्यांच्या हातावर ठेवली आणि सांगितलं. ट्रॅक्टरच्या ब्रेकचं काम वेगळं, कारच्या ब्रेकमध्ये जातं ते तेल नसतंच, तेल लागलं की त्यातलं रबर फुगतं.

"मंग त्याले ब्रेक ऑइल काऊन म्हणते?"

"सगळे म्हणतात."

"तूबी म्हणते."

मीही म्हणतो, हे खरं होतं. इतकी वर्षं डब्यांवरचे आकडे समजावताना मी दर वेळी 'ब्रेक ऑइल'च म्हणत आलो होतो.

ते रबर बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तू मेला असता."

"नाई, बाबा. तसं नसते होत. आधी चाकं जाम होतात, गरम होतात, वास येतो. माणसाले कळतं न." मी पुढं पेडल, उष्णता, नळ्या असं बरंच बोललो. सगळं बरोबर होतं. ते ऐकत नव्हते.

"चहा मांडतो," असं म्हणून ते आत गेले. रबरं ओसरीवर राहिली.

गाडी दुरुस्त होऊन आली. मी पुन्हा रविवारी गेलो, नेहमीच्या जागी लावली. ते ओसरीवर बसून भेंड्या निवडत होते, कोवळ्या एकीकडं, जून एकीकडं. 'बोनट उघड' म्हणाले नाहीत. मीच उघडलं.

"बाबा, तेल पाहता का?"

"तू पाय न. मले आता बारीक दिसत नाई."

मी डिपस्टिक पुसली, पाहिली, आणि ओसरीकडं तोंड करून म्हणालो, "बरोबर आहे."

"हौ," ते म्हणाले.

असे तीन रविवार गेले. चहा, जेवण, पंखा. निघताना ते फाटकापर्यंत येतात, पण गाडीपासून चार हात दूर, हात मागं बांधून उभे राहतात. पूर्वी डिकी आपल्या हातानं लावायचे.

काल निघताना मी त्यांना सांगितलं की इंजिन थंड ठेवणारं कूलंट बदलायचं झालं आहे आणि या वेळी गॅरेजला नेत नाही, पुढच्या रविवारी इथंच बदलू. जुनं सोडायला एक माणूस खाली लागतो, नवीन ओतायला एक वर. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर.

"अन् माप चुकलं त?" त्यांनी विचारलं.

"चुकलं तर चुकलं. काही होत नाई."

होतं. पाणी जास्त झालं तर आतून गंज धरतो, कूलंट जास्त झालं तर इंजिनची उष्णता नीट निघत नाही. मला ते माहीत आहे, आणि इतक्या वर्षांत मी त्यांच्यासमोर कोणत्याही डब्याबद्दल 'काही होत नाही' असं म्हटलेलं नव्हतं.

"तू असं नाई बोलत कधी," ते म्हणाले. मग मागं बांधलेले हात सोडून फाटक उघडून धरलं, गाडी बाहेर जाईपर्यंत.