पाटीवरचं आडनाव

जर्मनीत एर्लांगेनला आमच्या गल्लीत एक म्हातारे सायकलवाले होते. दुकानाच्या पाटीवर फ्रेंच आडनाव. २०१५च्या उन्हाळ्यात पुण्याहून सासरे आले होते, त्यांना मी हे सांगितलं मात्र! "फ्रेंच? मग मूळचे कुठले, विचार ना." मी संकोचत जर्मनमध्ये विचारलं.

सायकलवाले एकदम खुलले. चेन पुसता पुसता त्यांनी काळ्या बोटांवर त्या आडनावाची नामवंत मंडळी मोजून दाखवली: एक सेनापती, एक वनस्पतिशास्त्रज्ञ, एक फासावर गेलेला दरोडेखोर.

"सेनापती यांचे कोण?" सासऱ्यांचा पुढचा प्रश्न तयारच.

"कोणीच नाही," सायकलवाले हसले. "धर्मापायी फ्रान्समधून पळून आलेला एक मोजे विणणारा होता, तो आमचा. त्याचे कागद आहेत. दरोडेखोराचं मात्र सांगता येत नाही."

सासरच्या घराण्यातल्या पेशवाईतल्या सरदाराची गोष्ट मी लग्नाच्या बैठकीपासून ऐकत आले होते. त्या दिवशी सासरे कोपऱ्यापर्यंत आले आणि थांबले.

"अगं, आपल्या सरदाराचे कागद काही मी पाहिलेले नाहीत," ते म्हणाले. "माझे आजोबा स्टोव्ह दुरुस्त करायचे. त्यांची बोटं अशीच काळी असायची."