चाकामागचा दगड

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, हिवरखेडला फुलशेती करतात. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या गाडीने आम्ही दोघे अकोटच्या पुढे डोंगराकडे निघालो होतो. चढावर एका मारुतीच्या देवळापाशी थांबलो. हँडब्रेक नीट धरत नव्हता, म्हणून भाऊजींनी मागच्या चाकाला दगड लावला आणि नळावर हातपाय धुवायला गेले.

देवळापुढे नवी फरशी बसवली होती. 'फरशीवर नारळ फोडू नये' अशी पाटी. मी दगड शोधू लागलो. चांगला एकच दिसला, चाकामागचा. काढला तेव्हा गाडी हलली नाही, म्हणून मी निर्धास्त झालो. नारळ फोडत होतो तेवढ्यात भाऊजींची किंकाळी ऐकू आली. हार काढायला त्यांनी डिकी उघडली आणि गाडी मागे सरकली. त्यांचा पाय गाडी आणि रस्त्याच्या कठड्यामध्ये सापडला.

अकोल्याला ऑपरेशन झाले, पायात सळई टाकली. ताईने जठारपेठेतल्या गॅरेजवर जाऊन भर गिऱ्हाइकांत ब्रेक तपासणाऱ्या मिस्त्रीला सुनावले, "आठ दिवसांपयले ब्रेक दाखवला होता तुले! काय पायलं तू?" बिचारा दोनदा दवाखान्यात आला, दारातूनच परत गेला. मी आत बसून होतो. चार दिवस तोंड उघडले नाही.

पाचव्या दिवशी ताई चहा आणायला गेली, तेव्हा भाऊजींना सगळे सांगितले. रडलो. "सगळी चूक मायी हाय."

"थांब. गाडी गिअरमंदी नव्हती, ते कोणाचं?"

"तुमचं."

"मिस्त्री म्हणे केबल बदला, मी म्हटलं पुढच्या महिन्यात पाहू. तेही मायंच. तू दगड काढला अन् मले सांगतलं नाही, तेवढं तुयं. सगळंच आपल्याकडं ओढतो का? लय मोठे झाले साळेबुवा!"

हसताना त्यांना कळ आली. पाय मोडलेला माणूस इतका सरळ न्याय करतो, हे मी प्रथमच पाहिले. मी मात्र आयुष्यभर अपराध डोक्यावर घेऊन फिरलो. त्यातला आपला नेमका किती, हे कधी तपासलेच नाही.

"तुया बहिणीले मी सांगतो," ते म्हणाले. "तू आधी मिस्त्रीकडं जा."

गॅरेजवर गर्दी होती. मी हळू आवाजात सांगितले. मिस्त्रीने पाना खाली ठेवला.

"जोरानं सांगा भाऊ. तुमच्या ताई जोरानंच बोलल्या होत्या."

मी जोरात सांगितले.