उडालेली फेज

परवा यवतमाळला माझ्या लेकीच्या, वैष्णवीच्या पोलीस भरतीचं ग्राउंड होतं. मी आणि तिचे कोच सर गेटबाहेर उभे... धावण्याची काळजी नव्हती. भीती होती ती गोळाफेकीची.

पोरगी अंडी-मटण खात नाही. घरात मनाई नाही, तिलाच नको. सरांनी उन्हाळ्यातच बजावलं होतं, "अंडे सुरू कर पोरी, नाहीतर गोळा विसर."

मग तिनं हट्टानं भाकरी-भात बंद केला आणि वाट्यावर वाट्या तुरीचं वरण सुरू केलं. प्रोटीन म्हणजे डाळ, एवढंच डोक्यात! चेहरा उतरला, गोळा आधीपेक्षाही अलीकडे पडू लागला...

मी दिग्रसला मोटर रिवायंडिंग करतो. शिक्षण दहावी, पण एखादी गोष्ट धरली की मुळापर्यंत वाचतो. तुरीत लायसीन भरपूर, मेथिओनीन कमी. ज्वारीत लायसीन कमी, ती उणीव तूर भरते आणि तुरीची ज्वारी. प्रोटीन ज्यांचं बनतं त्यातली ही ॲमिनो ॲसिडं शरीर स्वतः बनवत नाही. एक जरी कमी पडलं, तरी बाकीच्यांचा पुरता उपयोग होत नाही.

सांगायला गेलो तर म्हणते, "बाबा, तुम्ही मोटरी भरता, डॉक्टर कायले होऊन राह्यले?"

"बरं, तीनातली एक फेज उडाली तर मोटर काय करते?"

"घूंऽऽ करते अन् बसते."

"मंग? तुही एक फेज भाकरीत हाये."

दुकानात वाढलेली पोर, लगेच समजली. भाकरी ताटात परत आली. (एकाच घासात दोन्ही हवं असं नाही, दिवसभरात पोटात गेलं की झालं.)

पण खरं कौतुक पुढंच आहे. तिनं मलाच विचारलं, "घरच्या सोयाबीनचे पोते पडून हायेत, ते काहून नाही खात आपण?" इतकं वाचलं, सोयाबीनमध्ये तुरीहून बरंच जास्त प्रोटीन हेही वाचलं, पण आमच्याकडे सोयाबीन पिकवायचं ते विकायलाच...

तिची आई म्हणाली, "ढोराच्या ढेप-पेंडीचं ते, मानसाच्या ताटात कायले?" पोरीनं स्वतः भिजवून, कुकरला मऊ शिजवून झणझणीत उसळ केली. आता आईच आधी वाढून घेते!

परवा ती गेटबाहेर आली, हाताला माती तशीच. "बाबा, गोळ्यात पूर्ण मार्क!"

सर म्हणाले, "खरं सांग, अंडे सुरू केलते ना?"

"नाही सर... उडालेली फेज जोडली."

सर मलाच विचारू लागले, कसली फेज? मेहनत तिची, सोयाबीनचा प्रश्नही तिचाच. मी फक्त फॉल्ट दाखवला... पण सांगतो, इतकी जोरदार मोटर माझ्या हातून आजवर सुरू झाली नाही.