पद्माक्कांनी पदर पसरला नव्हता

‘पद्माक्का अधिकाऱ्यांपुढे पदर पसरून उभ्या राहत. आपल्या गरीब भगिनींची करुण कहाणी सांगताना त्यांचे डोळे भरून येत, आणि समोरचा माणूस कितीही कठोर असला तरी विरघळून माल घेई.’

पद्माक्कांच्या शोकसभेत, अनगोळच्या एका सभागृहात, हे उद्गार काढले गेले. श्रोत्यांनी माना डोलावल्या. दोघातिघांनी रुमालही काढले. आता हेच वाक्य दगडावर कोरून वडगावच्या माग-शेडच्या दारात बसवायचे घाटते आहे, म्हणजे माल पाहायला येणाऱ्याच्या नजरेस आधी ते पडावे आणि माल मागाहून. पद्माक्का गेल्या, यापुढे त्यांच्या संस्थेतल्या विणकर बायकांनी गिऱ्हाइके मिळवायची ती या वाक्याच्या जोरावर. मी उभे आयुष्य बेळगावच्या कोर्टात वकिली केली आहे. पढवलेली साक्ष मला ऐकू येताक्षणी ओळखता येते. ही तर पढवलेलीही नाही. साक्षीदाराने ती स्वतःच रचली आहे.

साक्षीदार कोण, ते आधी सांगतो. सामाजिक उद्योगांना बाजारपेठ मिळवून देण्याचे रीतसर शिक्षण घेतलेले एक सल्लागार पद्माक्कांच्या संस्थेत येत असत. मृदुभाषी, कडक इस्त्रीचे गृहस्थ. मागांचा खडखडाट त्यांना सोसत नसे, म्हणून भगिनींच्या व्यथा ते शेडबाहेरच्या सावलीत उभे राहून जाणून घेत. त्यांच्या मते माल हे निमित्त असते; विकायची असते ती माणसाची गोष्ट. संस्था जांबोटीच्या रानातला मधही विके; तो गोळा करणाऱ्यांच्या बाटलीवर त्यांनी एका सुरकुतलेल्या, केविलवाण्या म्हातारीचे चित्र छापून आणले होते. पद्माक्कांनी बाटली उजेडात धरली, फिरवून पाहिली आणि विचारले, “सायेब, मध इकायचाय का म्हातारी?” चिठ्ठ्या त्याच दिवशी पाण्यात भिजवून काढून टाकल्या गेल्या.

ज्यांनी पद्माक्कांना पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. निपाणीच्या जैन तंबाखू व्यापाऱ्याची ही मुलगी. ठेंगणी, सावळी, जाड आवाजाची. मराठीत आणि कानडीत सारखीच फटकळ. लग्न होऊन बेळगावात आली. मुले मार्गी लागल्यावर वडगावातल्या, मालकांनी कामावरून काढलेल्या विणकर बायकांना एकत्र करून तिने माग सुरू केले. आम्ही सारे तिला आक्काच म्हणत असू, आणि मीही आता अहोजाहोवर येतो. एरवी ही सवलत मी फार थोड्यांना देतो. आक्का गोड नव्हत्या. कुणाला शाबासकी देताना मी त्यांना पाहिले नाही. डोळे म्हणाल, तर ते भरलेले मी एकदाच पाहिले. वडिलांच्या वखारीत पोती हलवली जात होती आणि तंबाखूचा खकाणा उडाला होता.

विक्री त्या त्याच वखारीत शिकल्या. तंबाखूचे जाणते गिऱ्हाईक पान हातात घेते, चुरगाळते, हुंगते. तोवर विकणाऱ्याने तोंड उघडायचे नाही, ही तिथली रीत. जो बोलतो त्याच्या पानात खोट असणार, असे गिऱ्हाईक धरून चालते. आक्का कुठल्याही कचेरीत गेल्या की माल टेबलावर ठेवीत आणि हाताची घडी घालून गप्प बसत. संस्थेची करारपत्रे पाहायला मी सोबत असे, आणि ती शांतता मला, एका वकिलाला, असह्य होई. एकदा मी मध्येच मालाची स्तुती करू लागलो. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, “वकीलअण्णा, पुढच्या बारीला तुम्ही जेवूनच या. तोंड भरलेलं असलं की बरं.” संस्थेचे नावही त्यांनी एखाद्या व्यापारी पेढीसारखे ठेवले होते; त्यात ना ‘महिला’, ना ‘निराधार’, ना ‘कल्याण’. सल्लागार यावर वर्षभर हळहळत होते.

आता ज्या प्रसंगावर त्यांची कहाणी उभी आहे, तो प्रसंग. एका खासगी इस्पितळाने रुग्णांच्या अंगावर घालायच्या कोऱ्या, बिनकाठाच्या पांढऱ्या चादरींची मागणी दिली होती. संस्थेचे हे पहिले मोठे काम. ते हातचे गेले असते तर माग विकावे लागले असते आणि बायका पुन्हा रोजंदारीवर मालकांच्या दारात उभ्या राहिल्या असत्या. विणकाम चालू असताना आक्का मधाच्या कामासाठी जांबोटीत अडकल्या होत्या. माल पोहोचवायच्या दिवशी सकाळी त्यांनी गठ्ठा सोडला, तो प्रत्येक चादरीला बोटभर लाल काठ.

“ह्यो काठ कुणी सांगितला गं?”

पारूबाई म्हणून त्यांच्यातली जुनी विणकरीण होती. ती पुढे झाली. “आक्का, बिनकाठाचं पांढरं मढ्यावर घालत्यात. आजाऱ्याच्या अंगावर कसं घालायचं? आमच्या हातनं न्हाय व्हायचं.”

“मग मला इचारायचं न्हाय?”

“इचारलं असतं तर तुम्ही नको म्हटला असता की.”

“लई शानी हाईस,” आक्का म्हणाल्या, आणि गठ्ठा पुन्हा बांधला.

इस्पितळाच्या दारात सल्लागारांनी आक्कांना थांबवले. त्यांचा चेहरा उजळलेला होता. अखेर त्यांची वेळ आली होती. “आक्का, साहेबांना वस्तुस्थिती सांगू या. या भगिनी निराधार आहेत, अशिक्षित आहेत, भोळ्या समजुतीने चूक झाली. माणुसकीच्या नात्याने ते निश्चित—”

“तुम्ही भाईर बसा.”

“पण आक्का, माणुसकी—”

“माणुसकी हाय म्हणूनच सांगतोय. भाईर बसा.”

सल्लागार बाहेर बाकावर बसले. दार लागले. पदर, अश्रू आणि विरघळणे हे सर्व त्यांनी त्या लाकडी दारातून पाहिले असावे.

आत मी होतो. खरेदी पाहणारे हिरेमठ चादर उलगडताच कानडीत म्हणाले, “मी कोरी मागितली होती. हा काठ कशाला?”

“चूक आमची,” आक्काही कानडीतच म्हणाल्या. “सगळा माल परत नेते, कोरा विणून देते. फक्त एक सांगा. धोब्याकडून चादरी आल्या की कुठली कुठल्या वॉर्डाची, हे कसे ओळखता?”

“शाईने खूण करतो. दोन धुण्यांत जाते. मग नर्सबाया चादरींवरून भांडतात, आणि तक्रार माझ्याकडे.”

आक्कांनी हाताची घडी घातली. पंखा फिरत होता. हिरेमठांनी काठावरून अंगठा फिरवला. मग समोरच्या पेल्यातल्या पाण्यात चादरीचे टोक बुडवले, पिळले आणि कोऱ्या कागदावर दाबून धरले. कागद पांढराच राहिला.

“हिरवा मिळेल?”

“मिळेल.”

“मग लाल बाळंतिणींकडे राहू दे. ऑपरेशनवाल्यांना हिरवा द्या.”

इतकेच बोलणे झाले. बाहेर येताच सल्लागार लगबगीने उठले. “सांगितलंत ना आक्का, बायकांचं?”

“काय सांगायचं त्यात? रंग पक्का हाय, ते त्यांनीच बघितलं.”

परतताना रिक्षात त्या मला म्हणाल्या, “दया आली म्हणून एकदा घेतील वो, वकीलअण्णा. दुसऱ्यांदा दया कुणाला येती?” हिरेमठांनी त्यानंतर वर्षामागून वर्षे माल घेतला, सैल वीण दिसली तेव्हा निर्दयपणे परतही केला. परत आलेला गठ्ठा आक्का पारूबाईपुढे टाकीत आणि म्हणत, “बघ, तुला माणसात धरलंय त्यांनी.”

शोकसभेतल्या विद्वानांना हे सारे पटणार नाही. वकिलाचा शब्द म्हणून ते हसण्यावारी नेतील. म्हणून माझा शब्द मी बाजूला ठेवतो आणि एकच गोष्ट नोंदवतो. आक्कांच्या अंत्ययात्रेला वडगावचे माग बंद ठेवून सगळ्या बायका आल्या होत्या. हिरेमठही आले होते. रडणाऱ्या त्या घोळक्याकडे ते बराच वेळ पाहत राहिले, आणि मग माझ्याजवळ सरकून त्यांनी हळूच विचारले, “वकीलसाहेब, या सगळ्या बायका कोण?”